लहान संगणकाची स्वस्ताई

सोनाराच्या दुकानांत जो न्याय चालतो, तोच पुष्कळ वर्षें संगणकाच्या दुकानांतही चालत असे. जिन्नस जितका लहान व नाजूक, तितकी त्याची घडणावळ अधिक. १९८१ सालीं निघालेला ऑस्बॉर्न हा बरोबर नेतां येण्याजोगा पहिला खपाऊ संगणक शिवण्याच्या यंत्राएवढा असून त्याचें वजन ११ किलो होतें व किंमत १,७९५ डॉलर होती. पुढील पंचवीस वर्षांत वजन उतरत गेलें. परंतु अगदीं हलकें, एका हातावर तोलतां येईल असें यंत्र ज्यास हवें असे, त्यास टेबलावरील मोठ्या यंत्राहून कितीतरी अधिक पैसे मोजावे लागत. असलीं यंत्रें बहुधा मोठ्या पगाराच्या, विमानानें फिरणाऱ्या माणसांच्या हातीं दिसत. लहान म्हणजे महाग हें जें समीकरण सर्वांनीं गृहीत धरलें होतें, तें २००७ सालच्या अखेरीस अवघ्या कांहीं महिन्यांत उलटें झालें. आणि तें उलटण्यास मूळ कारण झालें तें शाळकरी मुलांना दिलेलें एक वचन.

तें वचन देणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत मीडिया लॅब ही प्रयोगशाळा उभारणारे निकोलस निग्रोपॉन्टी. जानेवारी २००५ मध्यें दाव्होस येथील परिषदेंत त्यांनीं जाहीर केलें कीं, गरीब देशांतील प्रत्येक मुलास स्वतःचा संगणक मिळाला पाहिजे व त्याची किंमत १०० डॉलरांवर जातां कामा नये. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ट्यूनिस येथें संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितींत त्याचा नमुना जगास दाखविण्यांत आला. यंत्र हिरवें होतें. जेथें वीज नाहीं तेथें हातानें फिरवून वीज उत्पन्न करावी म्हणून त्याला एक दांडा बसविलेला होता. तो त्या समारंभांतच तुटून हातांत आला. शकुन मानणाऱ्यांस तेवढें पुरे झालें असतें. पुढें दांडा काढून टाकण्यांत आला, परंतु यंत्र सिद्ध झालें. मेरी लू जेप्सन या विदुषीनें त्यासाठीं असा पडदा योजिला कीं भर उन्हांतही त्यावरील अक्षर वाचतां यावें. फिरती तबकडी काढून तिच्या जागीं १ गिगाबाइटची स्थिर स्मृति घातली. विंडोजऐवजीं लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घेतली. आणि ज्याच्यावर सर्व आकडेमोड चालते तो प्रोसेसर ए. एम. डी. या कंपनीचा, जिओड नांवाचा, ४३३ मेगाहर्ट्झ वेगाचा बसविला. हा वेग त्या काळच्या मानानेंही बेताचाच होता. पण अक्षर गिरविणाऱ्या मुलास तो पुष्कळ होता.

नोव्हेंबर २००७ मध्यें कारखान्यांतून हें यंत्र बाहेर पडूं लागलें तेव्हां त्याची किंमत सुमारें १८८ डॉलर पडत होती. शंभराचें वचन पुरें झालें नाहीं, तें नाहींच. तथापि त्या आंकड्यानें साऱ्या व्यापारी जगाच्या मनांत एक प्रश्न उभा केला. लिहिणें, वाचणें, पत्र पाठविणें व गणित करणें एवढ्यासाठीं जर दोनशे डॉलरांच्या आंत यंत्र होऊं शकतें, तर उरलेले पैसे कोठें जातात?

त्या उरलेल्या पैशांतील मोठा वाटा दोन कंपन्यांकडे जाई. एक मायक्रोसॉफ्ट आणि दुसरी इंटेल. जगांतील वैयक्तिक संगणकांपैकीं दहांतील सात-आठ यंत्रांत इंटेलचा प्रोसेसर असे. निग्रोपॉन्टींच्या यंत्रांत तो नव्हता, प्रतिस्पर्ध्याचा होता. इंटेलचे अध्यक्ष क्रेग बॅरेट यांनीं डिसेंबर २००५ मध्यें त्या यंत्राची किरकोळ चीजवस्तु म्हणून संभावना केली. आणि दुसऱ्याच वर्षीं इंटेलनें क्लासमेट नांवाचा स्वतःचा शाळकरी संगणक पुढें आणला. जी वस्तु किरकोळ, तिच्याशीं एवढी चढाओढ कशाला, असें कोणासही वाटेल. उत्तर सोपें आहे. ब्राझील, नायजेरिया, पेरू अशा देशांतील लक्षावधि मुलें पहिलीं अक्षरें ज्या प्रोसेसरावर गिरवतील, त्याचीच संवय त्यांस पुढें राहील, हें इंटेलला कळत होतें. २००७ च्या जुलैंत इंटेल निग्रोपॉन्टींच्या संस्थेंत सभासद म्हणून आली, आणि जानेवारी २००८ मध्यें बाहेर पडली. संस्थेचें म्हणणें असें कीं इंटेलनें क्लासमेट विकणें थांबवावें. इंटेल तें मानण्यास तयार नव्हती. सहा महिन्यांचा हा संसार मोडला तेव्हां दोन्ही पक्षांनीं वर्तमानपत्रांतून एकमेकांवर भरपूर दोषारोप केले. मुलांच्या हिताची चिंता दोघांसही होती असें धरून चाललें, तरी शाळेच्या पटावर आपलें नांव आधीं कोण घालतो, ही चिंता त्याहून अधिक होती असें म्हणावें लागतें.

आपल्या देशांत ह्या हिरव्या यंत्राचें स्वागत थंडच झालें. केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्यानें २००६ मध्येंच ही योजना नाकारली. जेथें शाळेला खोली नाहीं, शिक्षक नाहीं, तेथें हा पैसा अगोदर त्या कामीं लागावा, असा त्या खात्याचा आक्षेप होता. आणि ज्यानें खेड्यांतील शाळा पाहिली आहे त्यास तो खोटा म्हणतां येणार नाहीं. तरी २००७ च्या पावसाळ्याअखेर महाराष्ट्रांतील खैरात ह्या लहान गावच्या एकखोली शाळेंत थोडीं यंत्रें आलीं आणि वीस-बावीस मुलांच्या हातीं पडलीं. भारतांतील तो पहिला प्रयोग. दूर दक्षिण अमेरिकेंत उरुग्वेनें २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेंतील प्रत्येक मुलास हें यंत्र दिलें. पेरूनें तर लाखांनीं घेतलीं. पेरूमधील शाळांची २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेली पाहणी असें सांगते कीं गणितांत व भाषेंत मुलांची कांहीं प्रगति दिसली नाहीं. यंत्र दिलें म्हणजे विद्या दिली असें होत नाहीं, हें शाळामास्तरांस निराळें सांगावयास नको होतें.

परंतु शंभर डॉलरांच्या त्या वचनाचें खरें फळ शाळेंत नव्हे, बाजारांत आलें. तैवानची आसुस ही कंपनी तोंवर दुसऱ्यांसाठीं यंत्रें बनवून देण्यांत व संगणकाचे अंतर्भाग विकण्यांत प्रसिद्ध होती. जून २००७ मध्यें तिनें ईई पीसी नांवाचा सात इंच पडद्याचा संगणक दाखविला आणि किंमत सांगितली १९९ डॉलर. ऑक्टोबरांत तो प्रत्यक्ष विक्रीस आला तेव्हां किंमत ३०० ते ४०० डॉलर झाली होती, तरीही लोकांची झुंबड उडाली. आंतील युक्त्या सर्व हिरव्या यंत्राच्याच होत्या. तबकडी नाहीं, ४ गिगाबाइटची स्थिर स्मृति. विंडोज नाहीं, लिनक्स. प्रोसेसर मात्र इंटेलचा, सेलेरॉन जातीचा. त्याचा मूळ वेग ९०० मेगाहर्ट्झ असतां बॅटरी टिकावी व यंत्र तापूं नये म्हणून तो ६३० वर आणून चालविला होता. पहिल्या कांहीं महिन्यांतच तीन लाखांहून अधिक यंत्रें खपलीं. घेणारे कोण? श्रीमंत देशांतील लोक. घरीं एक मोठा संगणक असतांना प्रवासांत, स्वयंपाकघरांत, अंथरुणांत वापरावयास त्यांस हें दुसरें यंत्र हवें होतें. ज्या मुलांच्या नांवानें स्वस्ताई आली, तीं बाजूस राहिलीं.

इंटेलनें हें पाहिलें आणि त्वरा केली. जून २००८ मध्यें तिनें ॲटम हा नवा प्रोसेसर ह्या लहान यंत्रांसाठीं बाजारांत आणला. ह्या प्रोसेसराची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण स्वस्ताईचें रहस्य त्यांतच आहे. सिलिकॉनची एक मोठी वर्तुळाकार पातळ चकती घेऊन तिच्यावर शेंकडों प्रोसेसर एकदम छापतात व मग कापून वेगळे करतात. घरांत लाटलेल्या पोळीचे शंकरपाळे कापावेत तसे. पोळीचा खर्च ठरलेला. तेव्हां शंकरपाळा जितका लहान, तितका तो स्वस्त. लॅपटॉपांतील कोअर टू जातीचा प्रोसेसर शंभरांवर चौरस मिलिमीटर जागा घेई. ॲटमला पंचवीसही लागत नसत. एका ३० सेंटिमीटर व्यासाच्या चकतींतून सुमारें २,५०० ॲटम निघत. जागा वांचली ती कशी? खानावळींतला हुशार वाढपी एका पानावरचा भात यावयाचा असेल तर तोंपर्यंत दुसऱ्या पानांवर आमटी वाढून घेतो. मोठे प्रोसेसर असेंच पुढचें काम मागें, मागचें पुढें करून वेळ वांचवितात. ॲटमला ही हुशारी दिलीच नव्हती. पंक्तींत जो क्रम तोच क्रम. एक पान अडलें कीं सारी पंगत अडली. त्यामुळें तो मंद होता, पण केवळ अडीच वॉट विजेवर चाले आणि ठोक बाजारांत ४४ डॉलरांस मिळे. मोठ्या प्रोसेसरास दोनदोनशे डॉलर पडत. एक विसंगति मात्र राहिली. त्याच्या जोडीला जो साहाय्यक चिपांचा संच येई तो जुन्या घडणीचा असल्यामुळें खुद्द प्रोसेसरापेक्षां अधिक वीज खाई. नवरदेव अल्पाहारी आणि वऱ्हाड खादाड, असा तो प्रकार होता.

एसर, एच. पी., डेल, लेनोव्हो, सॅमसंग सारे ह्या बाजारांत उतरले. पडदा सातावरून नऊ व दहा इंचांवर गेला. ह्या यंत्रांस नेटबुक हें नांव पडलें आणि २००९ सालीं जगांत विकल्या गेलेल्या लॅपटॉपांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा नेटबुकांचा झाला.

आतां इंटेलपुढें आलेलें संकट तिनेंच निर्माण केलें होतें. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिच्या लेखणींत नसली तरी तिच्या हिशेबाच्या वहींत होती. जो मनुष्य ४४ डॉलरांच्या प्रोसेसराचें यंत्र घेऊन समाधान पावतो, तो दोनशेंचा प्रोसेसर कशास घेईल? मायक्रोसॉफ्टची अडचणही तीच. लिनक्सचें यंत्र खपतें हें पाहून तिनें एप्रिल २००८ मध्यें, वास्तविक बंद करावयाची जुनी विंडोज एक्सपी, केवळ ह्या लहान यंत्रांसाठीं स्वस्तांत चालू ठेवली. पण अटी घातल्या. पडदा अमुक इंचांहून मोठा नको, स्मृति १ गिगाबाइटहून अधिक नको, तबकडी इतक्याहून मोठी नको. पुढें विंडोज ७ ची जी स्टार्टर नांवाची आवृत्ति नेटबुकांवर देण्यांत आली, तींत पडद्यावरचें पार्श्वचित्रही बदलतां येत नसे. चित्र बदलण्यास कंपनीला कवडीचाही खर्च नव्हता. स्वस्त यंत्र घेणाऱ्यास आपण स्वस्त यंत्र घेतलें आहे ह्याची आठवण रोज राहावी, एवढाच त्याचा उपयोग. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचे बांक लांकडी ठेवण्यांत केवळ गादीचे पैसे वांचविण्याचा हेतु नसे, हें ज्यांनीं तो प्रवास केला आहे त्यांस समजेल.

असें कुंपण टिकतें तें शेजारी दुसरें शेत नसेल तोंवरच. मग दुसरे काय करीत होते? तैवानची व्हाया ही कंपनी ह्या क्षेत्रांत इंटेलच्याही आधींपासून होती. तिचे प्रोसेसर टेक्सासमधील ऑस्टिन गावच्या सेंटॉर नांवाच्या एका लहान मंडळींत आंखले जात. गंमत अशी कीं इंटेलचा ॲटमही ऑस्टिनलाच आंखला गेला. एच. पी.नें २००८ च्या एप्रिलांत आपल्या पहिल्या लहान यंत्रांत व्हायाचा प्रोसेसर घातला होता. त्याच सालीं आलेला व्हायाचा नॅनो हा प्रोसेसर कामांत ॲटमपेक्षां चलाख होता, परंतु वीज अधिक घेई, आणि इंटेलशीं संबंध बिघडविण्यास फारसे कारखानदार तयार झाले नाहींत. ए. एम. डी.ची चूक निराळी. जिच्या जिओडनें ह्या साऱ्या प्रकरणास आरंभ झाला, तिनेंच २००८ मध्यें हा बाजार फायद्याचा नाहीं म्हणून त्याकडे पाठ फिरविली. तिचा खरोखर चांगला लहान प्रोसेसर जानेवारी २०११ मध्यें आला. चित्रें व चलच्चित्रें दाखविण्यांत तो ॲटमच्या पुष्कळ पुढें होता. पण तोंपर्यंत पेठ उठत आली होती. एन्व्हिडिया ह्या कंपनीनें प्रोसेसर ॲटमच ठेवून त्याच्या जोडीचा खादाड संच तेवढा बदलून आपला चांगला संच देऊं केला. २००९ च्या मे महिन्यांत तिचे प्रमुख जेन्सेन हुआंग यांनीं जाहीर तक्रार केली कीं इंटेल एकटा ॲटम ४५ डॉलरांस विकते, आणि आपल्या दोन साहाय्यक चिपांसह तोच ॲटम २५ डॉलरांस देते. नुसते तांदूळ घेतले तर पंचेचाळीस, आणि तांदूळ, डाळ, मीठ मिळून पंचवीस. मग दुसऱ्याची डाळ कोण घेणार? इंटेलनें आपला व्यवहार सचोटीचा असल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मात्र ए. एम. डी.शीं चाललेला जुना तंटा मिटविण्यासाठीं तिनें सव्वा अब्ज डॉलर मोजले.

कुंपण मोडलें तें ह्यांपैकीं कोणीही नव्हे. इंग्लंडमधील केंब्रिज येथें एकॉर्न नांवाची शाळांसाठीं संगणक बनविणारी कंपनी होती. तिच्यांतील सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं हाताशीं थोडीं माणसें व थोडा पैसा असतां स्वतःचा प्रोसेसर आंखला, तोच आर्म. चिनी मातीच्या महाग वेष्टणाऐवजीं स्वस्त प्लास्टिकचें वेष्टण चालावें म्हणून तो तापतां कामा नये, एवढाच त्यांचा हेतु होता. एप्रिल १९८५ मध्यें पहिली चिप चालवून पाहतांना वीज मोजण्याचा कांटा शून्यावर दिसला. शोध घेतां कळलें कीं तिला विजेची तार जोडलीच नव्हती. इतर वाटांनीं झिरपणाऱ्या विजेवर ती बिनबोभाट काम करीत होती. १९९० मध्यें आर्मची स्वतंत्र कंपनी झाली. ही कंपनी स्वतः चिप करीत नसे; आराखडा विकत असे. ज्यानें परवाना घ्यावा त्यानें आपली चिप करावी. त्यामुळें एका कंपनीच्या जागीं पन्नास कंपन्या परस्परांशीं झगडूं लागल्या आणि त्या झगड्यांत किंमत उतरत राहिली. खुद्द इंटेलकडेही हा परवाना होता. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं २००१ मध्यें जो सिंप्यूटर हा गरिबांचा हातसंगणक तयार केला, त्यांत इंटेलनेंच विकलेला स्ट्राँगआर्म होता. २००६ मध्यें इंटेलनें हा धंदा ६० कोटि डॉलरांस मार्व्हेल कंपनीला देऊन टाकला. वर्षभरानें आयफोन निघाला.

२०१० च्या एप्रिलांत आलेला ॲपलचा आयपॅड आर्मवर चाले. ४९९ डॉलरांचें तें यंत्र स्वस्त नव्हतें. पण दहा तास चाले, तापत नसे, आणि त्याला पंखा नव्हता. नेटबुक घेणारा मनुष्य तिकडे वळला. त्याच्या मागोमाग स्वस्त पाट्या आल्या, आणि जुलै २०१२ मध्यें गूगलनें नेक्सस ७ नांवाची सात इंचांची पाटी १९९ डॉलरांस विक्रीस काढली. पांच वर्षांपूर्वीं सात इंचांच्या यंत्रासाठीं सांगितलेला आणि न पाळलेला आंकडा तो हाच. ती पाटी बनविणारी कंपनी आसुस होती. आंतील प्रोसेसर आर्म जातीचा, एन्व्हिडियाचा होता. त्या वर्षाच्या अखेरीस आसुस व एसर यांनीं नेटबुक बनविणें बंद केलें.

मग इंटेलनें काय केलें? जें चौदा साली केलें तें पांच वर्षें आधीं केलें असतें तर कदाचित् इतिहास निराळा झाला असता. २०१४ मध्यें तिनें पाट्या बनविणाऱ्या कारखानदारांस पदरचे पैसे देऊन आपला प्रोसेसर घेण्यास लाविलें. वर्षांत ४ कोटि ६० लाख पाट्यांत तो बसला, आणि त्या विभागांत तिला ४ अब्ज २० कोटि डॉलरांची खोट आली. ज्या स्वस्ताईला आपल्या घरीं तिनें मर्यादा घातली होती, तीच स्वस्ताई दुसऱ्याच्या घरीं तिला विकत घ्यावी लागली. मायक्रोसॉफ्टनेंही त्याच सालीं लहान पडद्याच्या यंत्रांस विंडोज फुकट केली, नोव्हेंबरांत एच. पी.चा अकरा इंचांचा, ॲटमच्याच वंशाच्या प्रोसेसराचा पुरा लॅपटॉप १९९ डॉलरांस मिळूं लागला. जें २००९ मध्यें अशक्य म्हणून सांगितलें जात होतें तें दुसरा विक्रेता दारांत येतांच शक्य झालें. एप्रिल २०१६ मध्यें फोनसाठीं चाललेलें ॲटमचें काम इंटेलनें सोडून दिलें.

आणि तीं शाळकरी मुलें? ऑक्टोबर २०११ मध्यें दिल्लींत आकाश ही पाटी मोठ्या थाटानें प्रकाशित झाली. सरकारास ती सुमारें ५० डॉलरांस पडली, म्हणजे निग्रोपॉन्टींच्या वचनाच्या निम्म्या किंमतींत. तींतील आर्म प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, हिरव्या यंत्रांतल्या जिओडहूनही मंद. पडद्यावर बोट दाबून दाबून मुलें कंटाळत. पुढें मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी.नें तिच्या सुधारणेचें काम अंगावर घेतलें आणि नोव्हेंबर २०१२ मध्यें दुसरी, पुष्कळ बरी आवृत्ति निघाली. परंतु योजना फार काळ चालली नाहीं. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें शाळांना कुलुपें लागलीं, तेव्हां मुलांच्या घरीं हिरवें यंत्रही नव्हतें, नेटबुकही नव्हतें आणि आकाशही नव्हती. होता तो बापाचा फोन. त्या सालच्या असर ह्या ग्रामीण पाहणींत, शाळेंत नांव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरीं निदान एक स्मार्टफोन आढळला. दोन वर्षांपूर्वीं ते प्रमाण ३६.५ टक्के होतें. बाप शेतावरून किंवा कामावरून परत येईपर्यंत मुलें थांबत, आणि मग धाकट्याचा धडा आधीं कीं थोरल्याचा, ह्यावरून भांडण होई.